व्हिडिओ कळतो, लिहिताना हात अडतो

प्रश्न : मी खानापूरची. मराठी शाळेत शिकले, आता ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर इंग्रजीतून कोर्स करतेय. व्हिडिओ कळतो, उत्तर लिहिता येत नाही. काय करू?

उत्तर : पोरी, ‘स्वयम्’च्या कोर्सचे भाग चार, व्हिडिओ त्यातला एक. वाचनसाहित्य मुलं उघडतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. रोज एक पान झेरॉक्सवर वाच. परिच्छेद संपला की कागद पालथा घाल आणि कळलं ते दोन ओळी मराठीत लिही, मग इंग्रजीत. माझ्या निपाणीच्या एका विद्यार्थिनीच्या वहीत डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असायचं. दिवाळीपर्यंत डावी बाजू कोरी राहू लागली. मराठीतून विचार करतेस, त्याची लाज नको. आणि प्रश्नातलं क्रियापद आधी अधोरेखित कर. ‘तुलना करा’ला नुसती व्याख्या चालत नाही.