नऊ वर्षांची वही आणि चर्चची किल्ली

मावशी, सलाम. अंजनगाव तालुक्यातल्या एका गावात आमची १४ घरांची मंडळी आहे. ९ वर्षं मी चर्चचा सेक्रेटरी. झाडणं, सतरंज्या घालणं, घंटा देणं, हिशेब, सगळं माझ्याकडे. यंदा हंगामाच्या सणाला अध्यक्षांनी बाहेरच्या पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं, माझं साधं नावही घेतलं नाही. पूर्वी भक्तीला ६० माणसं यायची, आता २०. ख्रिस्त राजाच्या रविवारी पाळकसाहेब आशेवर बोलले, सेवक होऊन पुढारपण करण्यावर बोलले, आणि मी मागे बसून रिकाम्या सतरंज्या मोजत होतो. एक पोरगी किल्ली मागते, पण आजकालच्या पोरांचा भरवसा नाही. मी काय काय केलं ते वहीत तारीखवार लिहून ठेवलंय. नाताळाआधीचा आगमन काळ लागायच्या आत राजीनामा देऊ का?
– एक थकलेला सेवक

भाऊ, सलाम. शालीचं आधी मिटवू. तुम्हाला लागलं, आणि लागण्यासारखंच होतं ते. ‘सेवकाला मान कशाला हवा’ असं मी म्हणणार नाही; तसं म्हणणारे बहुतेक वेळा खुर्चीवर बसलेले असतात. अध्यक्षांना चहाला बोलवा आणि सरळ सांगा की मला वाईट वाटलं. मागचे सगळे पाढे मात्र त्याच दिवशी वाचू नका.

मला टोचली ती वही. हिशेबाची नाही, ती दुसरी.

ख्रिस्त राजाचा सण तसा अलीकडचा. पोप अकरावे पायस यांनी तो १९२५ मध्ये लावून दिला. महायुद्ध होऊन गेलेलं, युरोपातल्या मोठमोठ्या राजांच्या गाद्या गेलेल्या, इटलीत मुसोलिनीचा अंमल. अशा वेळी खरा राजा कोण, हे लोकांना आठवून द्यायचं होतं. तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी यायचा. १९६९ च्या फेररचनेत तो उपासना वर्षाच्या अगदी टोकाला, आगमन काळाच्या आदल्या रविवारी गेला. पुढे कॅथलिक नसलेल्या पुष्कळ मंडळ्यांनीही तो उचलला. त्या दिवसाचे पाठ तीन वर्षांच्या फेऱ्यानं येतात. एका वर्षी राजा, म्हणजे येशू, रोमी सुभेदार पिलातासमोर कैदी म्हणून उभा असतो, एका वर्षी दोन गुन्हेगारांच्या मध्ये खिळलेला असतो. तिसरा पाठ बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायाचा. तो आज रात्री पुन्हा काढा. मी उपाशी होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तुम्ही आलात, असं राजा म्हणतो. आणि उजवीकडची माणसं बावचळतात. आम्ही? कधी आलो? त्यांच्यापाशी वही नव्हती, भाऊ. काय केलं ते त्यांना आठवतसुद्धा नव्हतं.

आता रिकाम्या सतरंज्या. तुमचा रविवार नोव्हेंबरच्या शेवटी पडतो. कापूस फुटलेला, वेचणीची मजुरी किलोवर. सकाळी दहाला भक्ती ठेवली तर बायका वावरात जातील की सतरंजीवर बसतील? एक सकाळ बुडाली की तेवढे पैसे बुडाले. त्यांचा विश्वास आटला असं समजून तुम्ही उगाच झुरताय. वेचणी आहे तोवर भक्ती दिवेलागणीनंतर ठेवा, जमलं तर कुणाच्या तरी अंगणात. पुण्या-नागपूरला गेलेली पोरं त्यानं परत येणार नाहीत, हे खरं. पण २० चे ३० झाले तर मला नवल वाटायचं नाही.

आणि किल्ली. इथे मी तुमच्या बाजूची नाही. येशूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले ते आपल्याला पाठ असतं. त्यांतल्या पेत्रानं आधी पाय पुढे करायला नकार दिला होता, ते आपण विसरतो. दुसऱ्याची सेवा घेणं जड जातं माणसाला. तुमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा बघा. गावात शिरले की आधी खराटा, रात्री कीर्तन. पाया पडायला कुणी वाकलं की काठी उगारायचे. पण झाडताना गावालाही खराटा धरायला लावायचे. सगळं गाव मी एकटाच झाडीन, असा हट्ट त्यांनी धरला नाही. २० डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी येते, म्हणजे ऐन आगमन काळात. (हा जोड माझा, पाळकसाहेबांना विचारू नका.)

राजीनामा द्यायचा असेल तर द्या, ९ वर्षं काही थोडी नाहीत. पण रागात नको, आणि चिठ्ठी पाठवूनही नको. हिशेब मंडळीपुढे मोठ्यानं वाचा, कमिटीच्या हाती द्या, मग उतरा. ती दुसरी वही मात्र कुणाला दाखवू नका.

आमच्या माहेरच्या चर्चला घंटा नव्हती. लिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असे, त्यावर लोखंडी सळईनं ठोकायचं. मी दहा वर्षांची असताना म्हाताऱ्या सेक्रेटरीकाकांनी ती सळई माझ्या हातात दिली. पहिला ठोका असा काही चुकला की सळई उडून त्यांच्याच पायावर पडली. ते ‘आई गं’ म्हणाले, खाली बसून पाय चोळला आणि म्हणाले, “अजून दोन राह्यले, मार.”

शनिवारी संध्याकाळी त्या पोरीच्या घरी जा. कुलूप जरा अडकत असेल तर कसं उघडायचं तेही दाखवा.

– मावशी