चौकशी आयोग, मंत्र्यांचे उत्तर आणि सहा महिन्यांची मुदत

प्रश्न : हिवाळी अधिवेशनात प्रवेशपत्रिका मिळाल्यामुळे विधानभवनाच्या प्रेक्षक गॅलरीत बसून प्रश्नोत्तराचा तास ऐकला. एका चौकशी आयोगाविषयीच्या तारांकित (म्हणजे तोंडी उत्तराच्या) प्रश्नावर माननीय मंत्री ‘आयोगाचे काम सुरू असल्याने अधिक बोलणे उचित होणार नाही’ एवढेच म्हणाले आणि पुढचा प्रश्न पुकारला गेला. असे उत्तर देऊन मंत्र्यांना मोकळे होता येते काय? आणि अहवाल सभागृहासमोर ठेवणे हे सरकारच्या मर्जीवर असते काय?
— एक निवृत्त शिक्षक, धरमपेठ

उत्तर : मंत्र्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतील नियम ४१ नुसार आयोगापुढे प्रलंबित असलेल्या बाबींवर सर्वसाधारणपणे प्रश्न विचारता येत नाही; मात्र त्याच नियमात पुढे असेही म्हटले आहे की, चौकशीवर विपरीत परिणाम होणार नसेल, तर तिची कार्यपद्धती, तिचा विषय आणि ती कोणत्या टप्प्यावर आहे, यांविषयी विचारता येते. विधिमंडळातील प्रथाही याच वळणाची आहे. दोषी कोण, हे मंत्र्यांनी सांगू नये, हे योग्यच. परंतु आयोगाला मुळात किती मुदत दिली होती, ती कितीदा वाढवली, किती साक्षीदार तपासले आणि खर्च किती झाला, हे सांगण्यात अनुचित असे काहीच नाही. त्या दिवशी एखाद्या सदस्याने उपप्रश्नात एवढेच नेमकेपणाने विचारले असते, तर मंत्र्यांना तेवढ्या एका वाक्यावर खाली बसता आले नसते.

प्रश्नोत्तरांच्या छापील यादीवर फारशी भिस्त ठेवू नये. ‘हे खरे आहे काय’ने सुरू होणारा प्रश्न ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ या ठरलेल्या शेपटीने संपतो, आणि त्या शेपटीला बहुधा ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे तितकेच ठरलेले उत्तर मिळते. (वर्षानुवर्षे या याद्या वाचणाऱ्याला उत्तराचा मजकूर झाकूनही सांगता येतो.) खरी माहिती निघते ती उपप्रश्नांतूनच, आणि तीही सदस्याने तयारी केली असेल तर.

आता अहवालाविषयी. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ च्या कलम ३(४) नुसार आयोगाने अहवाल सादर केल्यापासून सहा महिन्यांच्या आत, त्यावर केलेल्या कार्यवाहीच्या ज्ञापनासह (म्हणजे लेखी टिपणासह), तो विधिमंडळापुढे ठेवणे सरकारवर बंधनकारक आहे. येथे मर्जीचा संबंध येत नाही. मुदत उलटली तर काय, याविषयी मात्र कायदा गप्प आहे. याचे उदाहरण नागपुरातच घडले. मुंबईतील ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणी न्या. जे. ए. पाटील यांच्या आयोगाने एप्रिल २०१३ मध्ये अंतिम अहवाल दिला. तो सभागृहासमोर आला २० डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे आठ महिन्यांनी, येथील हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आणि तोही मंत्रिमंडळाने फेटाळल्याच्या निर्णयासह. टीकेचा भडिमार झाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये सरकारने तो अंशतः स्वीकारला. अधिवेशनाचे सूप वाजण्याच्या दिवशी पटलावर आलेल्या जाडजूड अहवालावर सदस्यांनी त्याच दिवशी काय चर्चा करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

याहून मोठी पळवाट वेगळीच आहे. सहा महिन्यांचे घड्याळ सुरू होते अहवाल हाती पडल्यावर. तोवर आयोगाला मुदतवाढ किती वेळा द्यावी, यावर कायद्याचा लगाम नाही. भीमा कोरेगाव प्रकरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये नेमलेल्या आयोगाला आरंभी चार महिन्यांची मुदत होती. पुढे ती वर्षानुवर्षे वाढत गेली. म्हणून ‘अहवाल कधी येणार’ या प्रश्नापेक्षा ‘मागील मुदतवाढ कोणत्या कारणाने दिली’ हा प्रश्न मंत्र्यांना अधिक अडचणीचा ठरतो.

अहवाल आला म्हणजे कोणाला शिक्षा झाली, असेही नव्हे. आयोगाच्या शिफारशी आपोआप अंमलात येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच दालमिया प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय आयोगापुढे दिलेले निवेदन, खोट्या साक्षीचा खटला वगळता, निवेदन करणाऱ्याविरुद्ध वापरता येत नाही, असे कलम ६ सांगते. त्यामुळे खटला भरायचा तर पोलिसांना तपास स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि तो केला की नाही, हे कार्यवाहीच्या ज्ञापनावरून कळते. प्रश्न विचारण्याची खरी जागा तीच आहे.

प्रश्न : सभागृहात मंत्री ‘चौकशी करू’ म्हणतात, तीही हीच चौकशी काय?
— एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : नव्हे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चातील चेंगराचेंगरीत ११४ जणांचा मृत्यू झाल्यावर न्या. दाणी यांचा आयोग नेमला गेला, ती चौकशी निराळी. आणि एखाद्या उपसचिवाकडे सोपवलेली विभागीय चौकशी निराळी. दुसऱ्या प्रकारच्या चौकशीला सहा महिन्यांचे बंधन लागू होत नाही आणि तिचा अहवाल पटलावर येईलच, असेही नाही. तरीही मंत्र्यांचे ते वाक्य वाऱ्यावर विरत नाही. सभागृहात दिलेल्या आश्वासनांची नोंद होऊन ती आश्वासन समितीकडे जातात आणि ती पुरी का झाली नाहीत, याचा जाब समिती संबंधित विभागाला विचारू शकते. आपल्या आमदारांना पत्र लिहायचे झाल्यास आश्वासन कोणत्या तारखेला आणि कोणत्या तारांकित प्रश्नावर दिले गेले, हे त्यात अवश्य नमूद करावे.