लिबरलिझमवरची टीका वाचताना एवढं कर

अरे, आंतरराष्ट्रीय संबंधांतल्या लिबरलिझमवर (संस्था, व्यापार आणि लोकशाही यांनी शांतता टिकते असं मानणारा विचार) रिअलिस्ट लोकांची, म्हणजे देश सत्ता आणि स्वार्थावर चालतात असं मानणाऱ्यांची, टीका आधी वाच हे ठीकच आहे, पण तिथेच थांबू नकोस, बहुतेक नवीन मुलं तिथेच अडकतात. राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स, पहिल्या महायुद्धानंतरची देशांची संघटना) 1931 ला जपान मांचुरियात घुसला तेव्हा काही करू शकला नाही, 1935 ला इटली इथिओपियात घुसली तेव्हाही निर्बंधांत तेलच वगळलं, हे सगळं खरंय आणि उत्तरात यायलाच हवं. व्यापाराने युद्ध टळतं हे म्हणणं खोडायला 1914 पुरेसं आहे, ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते तरी लढलेच ना.

पण मला विचारशील तर खरी दुखरी जागा वेगळी आहे. 1919 ला पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या करारात वांशिक समानतेचं कलम मागितलं, 17 पैकी 11 मतं बाजूने पडली, तरी अध्यक्षस्थानी असलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष विल्सननी एकमत नाही म्हणून ते बाजूला ठेवलं, आणि हेच विल्सन उदारमतवादी व्यवस्थेचे आद्यपुरुष मानले जातात! तिथून मँडेट पद्धत (हरलेल्या देशांच्या वसाहती राष्ट्रसंघाच्या नावाने जिंकलेल्यांकडे सोपवणं), मग 1953 चं इराण, 1973 चं चिली (निवडून आलेली सरकारं उलथली, त्यात अमेरिकेच्या छुप्या कारवाया होत्या) असं वाचत जा म्हणजे लोकशाही शांततेच्या सिद्धांतात (लोकशाही देश एकमेकांशी लढत नाहीत हा दावा) युद्धाची व्याख्या किती अरुंद धरलीय ते कळेल, कारण छुप्या कारवाया त्यात मोजल्याच जात नाहीत.

आणि हो, रिअलिस्ट अभ्यासक ग्रीकोचा सापेक्ष लाभाचा मुद्दा नीट समजून घे. दोघांचा फायदा झाला तरी कोणाचा जास्त, हा प्रश्न राहतोच.