ड्रायव्हर क्रॅश होतोय की खारा वारा लागलाय?

प्रश्न : देवगडात माझं छोटं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे, लग्नाचे व्हिडिओ केडेनलाइव्हवर एडिट करतो. लिनक्सचं उबंटू २४.०४ आहे, ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय. ओपन सोर्स आवडतं म्हणून एनव्हिडियाचा नावात 'ओपन' असलेला ५८० ड्रायव्हर टाकला तर रीस्टार्टनंतर स्क्रीनच काळी. फॉरमॅट मारून साधा ५८० टाकला, डेस्कटॉप आला, पण रेंडर लावला की दहा-पंधरा मिनिटांत सगळं फ्रीज, कार्डचा पंखा जोरात घोंघावतो आणि शेवटी पॉवर बटण दाबूनच बंद करावं लागतं. लॉगमधे 'एक्सआयडी ७९, जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस' असं दिसतं. परत फॉरमॅट केलं तरी तेच. मित्र म्हणतात लिनक्स सोड. आई म्हणते, "ह्येका खारो वारो लागलो." काय करू?

उत्तर : दादा, आई बरोबर बोलतायत असं मला वाटतं, आणि आता तिसऱ्यांदा फॉरमॅट मारू नका.

तुमचे दोन प्रॉब्लेम वेगवेगळे आहेत. पहिला ड्रायव्हरचा होता, तो सुटला. एनव्हिडियाने मे २०२२ मधे कर्नल मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा लिनक्सच्या गाभ्यात बसणारा भाग, ओपन सोर्स केलं खरं, पण ते ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांनाच चालतं, तुमचं कार्ड २०१६ चं, पास्कल पिढीचं. त्याला साधाच ५८० लागतो आणि या पिढीसाठी ५८० हीच शेवटची शाखा आहे, म्हणजे पुढे कधी अपडेटमधे मोठा आकडा दिसला तरी घेऊ नका. परत कधी काळी स्क्रीन आली तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, लॉगिन करा, चुकीचा ड्रायव्हर काढून बरोबरचा टाका, एवढ्यासाठी फॉरमॅट कशाला?

दुसरा मात्र बहुतेक ड्रायव्हरचा नाहीच. एक्सआयडी ७९ म्हणजे ड्रायव्हर कार्डाला हाक मारतोय आणि कार्ड ओ देत नाही, मदरबोर्डच्या ज्या खाचेत ते बसतं त्या स्लॉटवरून गायबच झालंय. कारणं साधारण तीन, कार्ड तापणं, एसएमपीएस (पेटीतला पॉवर सप्लाय) कमजोर असणं, नाहीतर स्लॉटमधे कॉन्टॅक्ट नीट नसणं. १०५० टीआयच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी पॉवर केबल नसते, सगळी वीज, ७५ वॉटपर्यंत, त्या स्लॉटमधूनच येते, म्हणून कॉन्टॅक्ट खराब झाला की रेंडरच्या लोडला कार्ड पडतं, एरवी डेस्कटॉप छान चालतो. विंडोज टाकलंत तरी हे जाणार नाही.

माझ्याकडे मालवणात हेच झालं होतं. मशीन पडवीत, समोर समुद्र. कार्ड काढून बॅटरीच्या उजेडात धरलं तर खालच्या सोनेरी दातांपैकी चार-पाच दातांवर हिरवट बुरा धरलेला. तुम्ही पण प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कार्ड काढा. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दात हलक्या हाताने पुसा. बरेचजण खोडरबर घासतात, पण जोरात घासलं तर सोन्याचा मुलामा जातो आणि मग गंज अजून लवकर धरतो, म्हणून मी टाळतो. स्लॉट ब्रशने झाडा, पूर्ण वाळल्यावर कार्ड टक्क आवाज येईपर्यंत बसवा.

मग रेंडर लावून शेजारी टर्मिनलमधे एनव्हिडिया-एसएमआय चालू ठेवा आणि तापमान बघत रहा. आकडा चढत जाऊन मग बंद पडलं तर पंखा नि चिपवरची थर्मल पेस्ट बघा. तापमान ठीक असून पडलं तर कुणाचा तरी चांगला एसएमपीएस एक दिवस मागून लावून बघा, नवीन कार्ड घ्यायच्या आधी हे करा, पैसे वाचतील. फ्रीज झालं तर रीस्टार्टनंतर जर्नलसीटीएल लिहून पुढे मायनस के, मायनस बी, मायनस एक द्या, आधीच्या बूटचा कर्नल लॉग दिसेल. एक्सआयडीच्या आधी 'पीसीआयई बस एरर' (पीसीआयई म्हणजे तोच कार्डाचा स्लॉट) च्या ओळी असतील तर संशय परत कॉन्टॅक्टवरच.

आणि पावसाळ्यात काम नसलं तरी मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवा, बंद पेटीत ओल जास्त धरते.