शोकगीत आहे म्हणून रडवू नकोस

स्कॉटलंडच्या फिडलवादक नील गाऊचं दुसऱ्या बायकोवरचं शोकगीत फिडलवर बसवतोयस ना? मग आधी माणूस समजून घे. गाऊ (१७२७–१८०७) पर्थशायरमधल्या डंकेल्डजवळच्या इन्व्हरचा. अथॉलच्या ड्यूकचा आश्रय, आणि नाचासाठी वाजवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. ही दुसरी बायको, मार्गारेट, १८०५ साली गेली तेव्हा हा सत्तरीपार. गंमत म्हणजे सुरावट डी मेजरमधली, आपल्या भाषेत बिलावल थाटाची, म्हणजे सगळे स्वर शुद्ध. उगाच कोमल गंधार शोधत बसू नकोस. ६/८ चा, म्हणजे तीन-तीन मात्रांचा झोका मात्र सुटता कामा नये. गज लांब ओढ, ओळ संपली की जरा थांब. दुसऱ्या भागात चाल वर चढते, तिथे सगळे जोर लावतात. तू उलट गज हलका ठेव. व्हायब्रॅटो, म्हणजे बोटाने स्वराला दिलेला कंप? अगदी चवीपुरता.