डेसीमीटरचं रिकामं घर

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. किलो, हेक्टो, डेका ही शिडी तोंडपाठ. पण ३ मी ५ सेमी म्हणजे किती सेमी विचारलं की ३५ लिहितो. रोज संध्याकाळी आमची खडाजंगी होते. बाई, चुकतंय कुठे?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, शिडी पाठ आहे हीच पंचाईत. टिंब इकडे सरकवायचं की तिकडे, एवढंच तो बघतो. लांबी बघतच नाही.

मी वर्गातल्या मुलांना घरच्या धाकट्या भावंडांची उंची मोजून आणायला सांगायचे. एकाने अंगणवाडीतल्या बहिणीची आणली १ मी ८ सेमी, आणि सेमीत केली १८! मी काही बोलले नाही. फळ्याखाली भिंतीवर खडूने १८ सेमीची उभी रेघ मारली. "एवढीशी का रे?" रेघ वीतभरही नव्हती. वर्ग खिदळला, तोही हसला. दुसऱ्या दिवशी मीटरमध्ये लिहून आणलं : १.८ मी. माझी उंची १ मी ५२ सेमी. रातोरात पोरगी बाईंच्या डोक्यावरून गेली की!

दोन्ही वेळा मीटर आणि सेंटीमीटरच्या मधलं घर, म्हणजे दहा सेमीचा डेसीमीटर, गाळलेलं. डेसीमीटर ना शिंपी वापरतो ना गवंडी, म्हणून शिकवतानाही आपण तो भरकन उरकतो. शून्य बसतं ते नेमकं तिथेच.

जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून दहा-दहा सेमीच्या पट्ट्या कापा. दहा पट्ट्या ओळीने लावून तेवढ्या लांबीचे सुतळीचे तीन तुकडे करा. हे तीन मीटर झाले. आता उरलेल्या ५ सेमीत पट्टी बसवून बघ म्हणावं. एकही पुरी बसत नाही. मग वहीत मीटर, डेसी, सेंटी अशी तीन घरं आखून ३, ०, ५ भरायचं. सरळ वाचलं की ३०५ सेमी. मीटरच्या घरापुढे टिंब दिलं की ३.०५ मी.

रुपये-पैशांचं उदाहरण मात्र नको. आपल्या वेळी ते चालायचं. चार आणे २०११मध्येच चलनातून गेले, या पोरांनी पैसे मोजलेत कधी?

गुणाकार-भागाकाराची घाई करू नका. पुन्हा ३५ आलं, तर तीन सुतळ्या जमिनीवर ओळीने लावा, शेजारी त्याची तीस सेमीची पट्टी ठेवा आणि तुम्ही खुशाल स्वयंपाकघरात निघून जा.