एच-इंडेक्सबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

‘सर, माझा एच-इंडेक्स दोनच आहे, कसा वाढवू?’ हा तुझा मेसेज वाचला. फोनवर हे नीट सांगून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाचे किती पेपर इतरांनी किती वेळा संदर्भाला घेतले याचं माप. हर्श नावाच्या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ते सुचवलं. दोन म्हणजे तुझ्या दोन पेपरना प्रत्येकी किमान दोन सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरमधले संदर्भ, आहेत, बस्स. सर्व्हिस जितकी जास्त तितका तो वाढतो, त्यामुळे तू साठीतल्या विभागप्रमुखांच्या आकड्याशी स्वतःला जोखू नकोस. हृदयरोगावर लिहिणारे जगभर हजारो, सर्पदंशावर लिहिणारे मोजके. मग सायटेशनही त्याच प्रमाणात येणार. गुगल स्कॉलर प्रबंधसुद्धा धरतं, म्हणून तिथला आकडा स्कोपस या निवडक जर्नलांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा दिसतो. अर्जात कुठला आकडा दिलाय ते लिहीत जा.

आधी एक काम उरकून टाक. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, ‘पाटील एस’ टाकून बघ. आपल्या कोल्हापुरातच एकेका कॉलेजात किती निघतील! त्यात तुझा पहिला पेपर माहेरच्या आडनावावर, दुसरा सासरच्या. एकात मधलं नाव आहे, दुसऱ्यात नाही. कॉम्प्युटरच्या लेखी या दोन वेगळ्या बायका आहेत. ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो. तो आजच काढ, दोन्ही पेपर त्याला जोड आणि इथून पुढे एकच नाव ठेव.

‘चार दिवसांत स्वीकृती, स्कोपस इंडेक्स्ड’ असे मेसेज तुलाही येत असतील. पैसे भरू नकोस. चार दिवसांत पेपर कुणी तपासत नाही. शिवाय स्कोपस जर्नल काढूनही टाकतं, त्यामुळे नाव आज यादीत आहे का ते त्यांच्याच साइटवर पाहायचं. पेपरवर लेखक म्हणून कुणाची नावं घालायची यातही तशीच काळजी घे. ज्याने कामात भर घातली, मसुदा लिहिला किंवा सुधारला, शेवटचं रूप मान्य केलं आणि उद्या कुणी डेटावर बोट ठेवलं तर उत्तर द्यायची ज्याची तयारी आहे, तो लेखक. बाकीच्यांचे आभार मान, मनापासून मान. वरिष्ठांना हे सांगणं जड जातं, मला ठाऊक आहे. काम सुरू करतानाच नावं आणि क्रम कागदावर ठरवलास तर पुढचा वाद टळतो.

आता मुख्य मुद्दा. तू प्रश्न कुठला घेतेस? डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला विंचूदंशाचे रुग्ण पाहत होते. रुग्णाच्या हृदयावर काय परिणाम होतो हे त्यांनी खाटेशेजारी बसून टिपलं आणि १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. कोकणातल्या त्या कामाला संदर्भ म्हणून आजही हात घालावा लागतो. कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये कॉलऱ्याचं विष दाखवून दिलं. त्या पेपरची म्हणावी तशी दखल घ्यायला जगाला कितीतरी वर्षं लागली. पुढे सायटेशन इंडेक्सचे जनक यूजीन गारफिल्ड यांनीच डे यांच्या कामावर लेख लिहिला, पण तोवर डे हयात नव्हते. हे मला फार लागतं.

तुझ्याकडे शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याहून घोणस चावलेले रुग्ण येतात. आपलं सर्पदंशावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांवर चालतं, पण ते बनवण्यासाठीचं विष मुख्यतः तमिळनाडूतून येतं आणि प्रदेशागणिक विष बदलतं. मग आपल्याकडच्या घोणशीच्या दंशाला प्रतिविषाच्या किती व्हायल (कुप्या) लागतात? विषाने रक्त गोठणं बिघडलंय का हे कळायला कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून गोठलंय का पाहायचं, एवढी साधी ही तपासणी. दर वेळी तिची वेळ, निकाल आणि दिलेल्या व्हायल नोंदवल्यास तर दोन पावसाळ्यांत हाती काहीतरी ठोस येईल. मात्र एथिक्स कमिटीची परवानगी आधी घे. पुढे उपचारांची चाचणी करायची झाली तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीत, नोंदणी लागते, हेही ध्यानात ठेव.

रविवारी दुपारी घरी ये. प्रोटोकॉलचा कच्चा मसुदा आण, कितीही अर्धवट असला तरी चालेल. नमुन्याची संख्या, म्हणजे अभ्यासाला किती रुग्ण लागतील, ती कशी काढायची ते बसून करू, आणि कम्युनिटी मेडिसिनच्या मॅडमना केव्हा भेटायचं तेही ठरवू.

तुझा,
सर